सांध्यातली सुई आणि चुंबकाचे चित्र

सदर : बांधावरून



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांबद्दल बोलतो. पण शेत कसणारा माणूसच आखडला तर चांगले बियाणे काय कामाचे? गेल्या महिन्यात आलेल्या एका पत्रामुळे आज थोडे वेगळ्या विषयावर लिहितो आहे.

पत्र लिहिणारे गृहस्थ चार एकरांवर ऊस आणि भाजीपाला करतात. घरात दोन दुखणी आहेत. पत्नीचे वय पंचावन्न, दोन्ही गुडघे दुखतात आणि खुरपायला बसले की उठवत नाही. मुलगा तेवीस वर्षांचा. सहा-सात महिने त्याची कंबर धरते. पहाटे मोटर सुरू करायला उठवावे तर तासभर सरळ उभा राहत नाही आणि नऊ-दहा वाजले की मोकळा होतो. "घरात सगळे म्हणतात, पोरगे आळशी झाले. मीही दोन-चारदा टाकून बोललो," असे त्यांनी लिहिले आहे. आता शहरातल्या डॉक्टरांनी मुलाची एमआरआय तपासणी करायला सांगितली आहे आणि गरज पडली तर चित्रात बघून कमरेच्या सांध्यात इंजेक्शन देऊ, असे म्हटले आहे. इकडे शेजारच्या गावात गुडघ्यात सुई देणारे एक गृहस्थ दर आठवड्याला येतात. पत्रातला प्रश्न असा : "दोघांचीही एमआरआय करून घ्यावी का? गाभण गाय विकावी लागेल. तेवढा खर्च करण्यासारखे यात काही आहे का?"

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून औषध सांगणार नाही. पण हे यंत्र कसे चालते, सुईला त्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, एवढे समजले तर गाय विकायची की नाही याचा विचार घरचे लोक स्वतः करू शकतात.

आधी सुईविषयी

सांध्यात देतात त्या इंजेक्शनात बहुतेक वेळा स्टिरॉइड जातीचे औषध असते. या औषधाचा इतिहास मोठा आहे. सन १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे औषध दिले. काही दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. या कामासाठी हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी याच जातीचे औषध थेट सांध्यात टोचून मिळालेले गुण प्रसिद्ध केले. अंगभर औषध फिरवण्यापेक्षा जिथे दुखते तिथेच थोडे द्यावे, हा त्यातला विचार. शेतभर खत फेकण्याऐवजी झाडाच्या आळ्यात देतो, तसेच हे.

पण आळ्यात दिलेले खत आळ्यातच पडले पाहिजे. गुडघा वरून हाताला लागतो, त्यामुळे अनुभवी डॉक्टर वाटी चाचपून सुई आत घालू शकतो. तिथेही कधी कधी सुई सांध्याच्या पोकळीत न जाता बाजूच्या चरबीत जाते. खुब्याचा सांधा तर मांसात खोल असतो आणि त्याच्या समोरून पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी व मज्जातंतू जातात. कमरेचा तो सांधा, म्हणजे कण्याच्या खालचे त्रिकोणी हाड आणि दोन्ही बाजूंची कमरेची हाडे जिथे जुळतात ती जागा, आणखी अवघड. ती फट अरुंद, वाकडी आणि खोल असते. तिथे नुसत्या अंदाजाने सुई घालणे म्हणजे भूजल न बघता बोअर मारण्यासारखे. लागले तर लागले.

म्हणून खोल सांध्यात सुई घालताना आत पाहण्याची सोय करतात. ती चार प्रकारची असते : सोनोग्राफी, क्ष-किरणांचे सी-आर्म यंत्र, सीटी स्कॅन आणि एमआरआय. पहिले तीन बऱ्याच शहरांत मिळतात. चौथे, म्हणजे सुई घालतानाच एमआरआयमध्ये पाहणे, थोड्याच ठिकाणी होते.

चुंबक आत कसे पाहते?

आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर असते. दोन्हींत हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या अणूचा गाभा एखाद्या बारीक चुंबकासारखा वागतो. माणसाला मोठ्या चुंबकात निजवले की यांपैकी काही गाभे चुंबकाच्या दिशेने ओळ धरतात. मग रेडिओ लहरींचा एक झटका दिला की ते कलतात आणि ठेच लागलेल्या भोवऱ्यासारखे डोलू लागतात. डोलताना तेही बारीक लहरी सोडतात. यंत्र त्या लहरी टिपते आणि संगणक त्यांचे चित्र बनवतो. पाणी, चरबी, कूर्चा, स्नायू यांतले गाभे वेगवेगळ्या वेगाने पूर्ववत होतात, म्हणून चित्रात त्यांच्या छटा वेगळ्या दिसतात. जिथे सूज असते तिथे पाणी साचलेले असते. विशिष्ट पद्धतीने काढलेल्या चित्रात ती जागा उजळ दिसते. पावसाळ्यानंतर टेकडीवरून पाहिले म्हणजे रानातले पाणथळ तुकडे लगेच ओळखू येतात, तसेच काहीसे.

हे तत्त्व शेतीलाही परके नाही. भुईमूग, करडई, सूर्यफूल यांच्या बियांत तेल किती आहे हे बी न फोडता मोजण्यासाठी संशोधन केंद्रांत याच तत्त्वावरचे यंत्र वापरतात. ज्या दाण्यात तेल जास्त तो निवडायचा आणि तोच दाणा पेरायचाही. बी जिवंत राहते हा त्याचा मोठा फायदा.

हे तत्त्व १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉक आणि पर्सेल यांनी वेगवेगळे काम करून दाखवले. पण त्यातून चित्र काढण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या चित्रात पाण्याच्या दोन बारीक नळ्या होत्या. इंग्लंडमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रे झटपट काढण्याची पद्धत पुढे नेली. या दोघांना २००३ चे नोबेल मिळाले. अमेरिकेतील डॉ. रेमंड डमाडियन यांनी जुलै १९७७ मध्ये माणसाच्या छातीचे पहिले चित्र काढले, तेव्हा जवळजवळ पाच तास लागले होते. आज गुडघ्याचे किंवा कमरेचे पूर्ण काम साधारण अर्ध्या तासात होते.

यात क्ष-किरण नसतात, ही मोठी गोष्ट. "एमआरआयने अंगात विजेचे विष शिरते", "मूल होत नाही" असे गावात कुणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही.

एमआरआयमध्ये सुई कशी घालतात?

रुग्णाला पालथे किंवा उताणे निजवतात. दुखऱ्या सांध्यावर कातडीला तेलाने भरलेली जीवनसत्त्व 'ई'ची गोळी चिकटवतात. तेल चित्रात ठळक दिसते, म्हणून ती गोळी म्हणजे मोजणीदाराने रोवलेली खुणेची काठी. टेबल आत सरकते, चित्रे निघतात आणि गोळीपासून सांध्याची फट किती दूर व किती खोल आहे ते मोजतात. टेबल बाहेर आणून जागा स्वच्छ व बधिर करतात आणि सुई थोडी आत घालतात. पुन्हा आत नेऊन टोक कुठे पोहोचले ते पाहतात. सुई चित्रात काळ्या रेघेसारखी दिसते. असे दोन-चार वेळा आत-बाहेर झाल्यावर टोक नेमके फटीत आले की औषध सोडतात.

ही सुई दवाखान्यातली नेहमीची पोलादी सुई नसते. पोलादाला चुंबक ओढते आणि चित्रही काळवंडते. म्हणून टायटॅनियमसारख्या धातूच्या खास सुया लागतात आणि त्या महाग असतात. यंत्रही तेवढा वेळ अडून राहते. खर्च वाढतो तो यामुळे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? दोन कारणांसाठी. एक, क्ष-किरण टळतात. लहान मुले आणि तरुण यांच्या कमरेच्या सांध्यात सुई घालताना जवळच जननेंद्रिये असतात, तिथे हे महत्त्वाचे. जर्मनी आणि अमेरिकेतील काही रुग्णालयांत लहान वयाच्या संधिवाताच्या मुलांना अशी इंजेक्शने दिली गेली आहेत. दुसरे, सूज नेमकी कुठे आहे ते त्याच चित्रात दिसते. सोनोग्राफीला हाडाच्या आतले दिसत नाही आणि सी-आर्मला हाडाची कड दिसली तरी सूज दिसत नाही.

आता दोन्ही दुखण्यांकडे पाहू

आईच्या गुडघ्याचे आधी. पन्नाशीनंतर गुडघ्याची कूर्चा झिजते. ते पाहायला उभे राहून काढलेला साधा एक्स-रे बहुतेक वेळा पुरतो. एमआरआय काढली तर त्यात काही ना काही फाटलेले, झिजलेले सापडतेच. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वर्षांच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांची एमआरआय काढून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघा दुखलाच नव्हता. म्हणजे चित्रात दिसले म्हणून तेच दुखण्याचे मूळ, असे होत नाही. गुडघ्यात इंजेक्शन द्यायचेच ठरले, तरी ते हाताने किंवा सोनोग्राफीवर देता येते. त्यासाठी एमआरआयवर गाय विकण्याचे कारण नाही. गुडघा अचानक अडकला, मोठी इजा झाली किंवा डॉक्टरांना दुसरीच शंका आली, तर गोष्ट वेगळी.

आणि ती आठवड्याची सुई? तिच्याबद्दल जरा सावध राहावे. स्टिरॉइडने काही आठवडे आराम पडतो हे खरे. पण वारंवार घेतल्याने काय होते, हे २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. गुडघे झिजलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी स्टिरॉइड आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी असे दोन वर्षे दिले. शेवटी दुखण्यात फरक नव्हता. उलट स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा अधिक झिजली होती. ती झीज मोजली एमआरआयनेच. म्हणून क्वचित, गरजेपुरते आणि जाणत्या डॉक्टरकडूनच घ्यावे. सुई, सिरिंज किंवा हात स्वच्छ नसेल तर सांध्यात पू होतो आणि सांधा कायमचा जाऊ शकतो.

आईच्या गुडघ्याला खरा आराम देणाऱ्या गोष्टी स्वस्त आहेत. खुर्चीवर बसून पाय समोर ताठ करावा, मनात दहा अंक मोजावेत, मग खाली घ्यावा. असे प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन जास्त असेल तर उतरवावे. आणि उकिडवे बसणे कमी करावे. इथे मात्र माझ्या खात्याचा संबंध येतो. उभ्याने चालवायचे सायकल कोळपे किंवा लांब दांड्याचे खुरपे घ्या. धार काढायला बुटके स्टूल घ्या. संडासात बसायला खुर्ची ठेवा. औजार घेताना आपण बैलाच्या खांद्याचा विचार करतो, तसा घरच्या बाईच्या गुडघ्याचाही करावा.

आता मुलाचे. मला यात जास्त काळजी वाटते. ओझे उचलून भरलेली कंबर कामाने वाढते आणि विश्रांतीने उतरते. या मुलाचे उलट आहे. पहाटे आखडतो आणि हिंडल्यावर सुटतो. तरुण वयात तीन महिन्यांहून जास्त चाललेले, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक ताठरपणा असलेले, मध्यरात्रीनंतर झोपमोड करणारे आणि हालचालीने कमी होणारे कंबरदुखे असेल, तर तो कमरेच्या सांध्यांचा आणि कण्याचा एक प्रकारचा संधिवात असू शकतो. कधी एक कुल्ला दुखतो, कधी दुसरा. काहींचा डोळा लाल होऊन दुखतो, काहींची टाच दुखते. उपचार लांबला तर काहींचा कणा हळूहळू बांबूसारखा ताठ होतो. साध्या एक्स-रेत हा रोग दिसायला काही वर्षे लागू शकतात. एमआरआयमध्ये सांध्यालगतच्या हाडातली सूज पुष्कळ आधी दिसू शकते. म्हणून मुलाची तपासणी डॉक्टरांनी सांगितली आहे ती योग्य वाटते. ती करून घ्यावी. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दर कमी असतो. तिथे आधी चौकशी करावी. कदाचित गाय विकावी लागणारच नाही.

पण एमआरआय काढली म्हणजे सुईही घेतलीच पाहिजे असे नाही. या रोगात रोजचा व्यायाम आणि सूज कमी करणाऱ्या गोळ्या हे पहिले उपचार. त्यांनी भागले नाही तर पुढची औषधे आहेत. एखादा सांधा फारच दुखत असेल, तेव्हा त्यात इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे ते महिने आराम पडतो, रोग मुळातून जात नाही.

आणि वडिलांना एक विनंती. तपासणीचा निकाल येईपर्यंत पोराला आळशी म्हणू नका. जो नऊ वाजता मोकळा होऊन दिवे लागेपर्यंत राबतो, त्याला पहाटे काय होते ते एकदा जवळ बसून विचारा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. "तपासणीसाठी एमआरआय, की सुईसाठी?" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वेळा एमआरआय आधी काढतात आणि सुई नंतर सी-आर्म, सीटी किंवा सोनोग्राफीवर घालतात. जाणत्या हातात त्यांनीही काम चोख होते.

२. "सुई टाकताना आत कशावर बघणार?" खुबा किंवा कमरेचा सांधा असेल आणि उत्तर "अंदाजाने" असे आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

३. "औषध कोणते? पुन्हा कधी?" चिठ्ठीवर औषधाचे नाव आणि तारीख लिहून घ्यावी. एकाच सांध्यात तीन महिन्यांच्या आत पुन्हा स्टिरॉइड साधारणपणे देत नाहीत.

४. मधुमेह असेल तर आधी सांगावे. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी.

५. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर सुईआधी ते बोलावे. सुईनंतर तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया केली तर पू होण्याचा धोका वाढतो.

यंत्राच्या खोलीत जाताना

हे चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जोरदार असते आणि ते रात्रंदिवस चालू असते. यंत्र शांत दिसले म्हणून बंद आहे असे समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाबरोबरचा एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचला आणि त्यात त्या तरुणाचा जीव गेला. म्हणून बरोबर गेलेल्यांनीही तिथल्या माणसाच्या परवानगीशिवाय उंबरा ओलांडू नये.

खिसे, कनवटी आणि चंची रिकामी करावी. अडकित्ता, चाकू, किल्ल्या, मोबाइल, नाणी, घड्याळ सगळे बाहेर. बायकांनी मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसांतले आकडे काढून घरच्या माणसाकडे द्यावेत. त्यात अपशकुन काही नाही. हृदयाला पेसमेकर, डोक्यात क्लिप, हाडात सळई किंवा पट्टी, कानात यंत्र असेल तर आधी सांगावे. वेल्डिंग करताना, फाळ किंवा विळा घासताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तेही जरूर सांगावे. राहिलेला कण चुंबकात हलून डोळ्याला इजा करू शकतो. अंगावर मोठे गोंदण असेल, बाई गरोदर असेल, तर तेही लपवू नये.

आत नळीसारखी जागा असते आणि ठकठक असा मोठा आवाज होतो. कानात बोळे देतात आणि हातात घंटीचे बटण देतात. भीती वाटली तर ते दाबावे.

इंजेक्शननंतर पहिले एक-दोन दिवस दुखणे थोडे वाढू शकते, त्याला घाबरू नये. त्या दिवशी चिखलात किंवा गोठ्यात काम करू नये, ओझे उचलू नये. पण सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला आणि दुखणे वाढतच गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर ढकलू नये. बाजाराचा दिवस असला तरीही.

पुढच्या अंकात उन्हाळी भुईमुगाला पाणी देण्याच्या पाळ्यांविषयी.

आपला,
कृषी अधिकारी